नोंदवहीतली उर्सुला

आमच्या बेटावर, चर्चमागच्या उतारावर,
तिच्या नावाचा दगड आहे. त्याखाली कुणी नाही.
हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं,
तरी जेमिमा आत्या दर वसंतात
बोथट सुरीने त्याच्यावरचं शेवाळ खरवडायची.

ओस्ला हॅलक्रो. वय तेवीस.
दोन वर्षांचा माझा आजा शेजारणीच्या हाती देऊन
हेरिंगच्या थव्यांमागे बंदर-बंदर करत
दक्षिणेला गेली. परतली नाही.
आजाच्या बापाचं नाव कुठेच नाही.
विचारलं की आत्या चहात साखर घालायची,
घातलेली असली तरी.

एकतीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं फाडली मी,
नावं न विचारता माणसं या काठाची त्या काठाला केली.
निवृत्त झालो आणि एकाच नावाच्या मागे लागलो.

यार्मथच्या कचेरीत थर्टल नावाच्या माणसाने
नोंदवही उघडली, जखमेची पट्टी सोडवावी तशी.
नोव्हेंबर एकोणीसशे अकरा.
हॅमंड, हार्वे, हेवेट, एक हॅलक्रो नाही.
मी तीनदा पाहिलं. थर्टलने चौथ्यांदा.
मग तो म्हणाला, “तिला काय झालं होतं?”

सुरी लागली होती, एवढंच आम्हाला कळलेलं.
मिनिटाला पन्नास मासे चिरणाऱ्या त्या मुली
बोटांना पिठाच्या गोणीच्या चिंध्या बांधत,
चिंधीतून पातं गेलं तर मिठाच्या पिंपात हात घालून
पुढचा मासा उचलत.

थर्टलने बोट कारणांच्या रकान्यावरून खाली आणलं.
*धनुर्वात.* एकच, त्या अख्ख्या महिन्यात.
आणि त्याच ओळीत, डावीकडे:
*उर्सुला हॉलक्रॉफ्ट, मजूर स्त्री.*

मी खुर्चीत बसून दात आवळले
आणि आमच्या बोलीत तिचं नाव घेतलं.
ओस्ला हॅलक्रो.
थर्टल खिडकीबाहेर बघत होता.
“पुन्हा,” म्हणाला.
मिटलेल्या जबड्यातून जे बाहेर पडलं
ते इस्पितळातल्या कारकुनाने ऐकलं,
ऐकलं तसं लिहिलं, आणि सुवाच्य लिहिलं.
त्याला तरी काय म्हणायचं.

दुपारी तिकडे गेलो. भिंतीपासून चौतीस फूट,
मग घाणेरीसारख्या काटेरी झुडपाकडे वळून अकरा.
मोजपट्टी नवव्या फुटावर तुटलेली,
उरलेलं पावलांनी मोजलं.
गवत कापण्याचं यंत्र नुकतंच फिरून गेलं होतं.
सशाची लेंडी. चॉकलेटचा कागद.
इथे, किंवा इथून हातभर पलीकडे.
टोपी काढली, पण नेमकं कुठे बघावं कळेना,
म्हणून बुटांकडे बघितलं.

नोंदीत आणखी दोघं होती, त्याच खड्ड्यात, त्याच आठवड्यातली:
*खलाशी, अनोळखी, बहुधा डच.*
*थर्स्टन यांचे मूल, चार दिवस.*
गरिबांना जमीन आडवी मिळत नाही, उभी मिळते.

संध्याकाळी आत्याला फोन केला.
ब्याण्णवची आहे, वृद्धाश्रमातली नर्स
रिसीव्हर तिच्या कानाशी धरते.
सापडली, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ फक्त टीव्ही.
“दगड हलवायचा नाही,” ती म्हणाली.
नाही हलवत.
“एकटीच आहे?”
नाही. एक खलाशी आहे. आणि एक तान्हं.

मला वाटलं, रडेल.
वाटलं, आता आजाविषयी काही निघेल,
शेजारणीच्या दारात रोज संध्याकाळी
समुद्राकडे तोंड करून बसलेल्या त्या दोन वर्षांविषयी.

“तान्हं,” आत्या म्हणाली.
मग नर्सला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, मला दटावत:
“त्या खलाशाला सांगून ये,
जरा सरकून घे म्हणावं.”